‘बोर्ड गेला’ म्हणजे नेमकं काय गेलं?

तुमच्या ग्रुपमध्ये असा एक तरी असणारच, ज्याच्या रूमवर मॅच किंवा सिनेमा बघायला सगळे जमतात. टीव्ही मोठा आहे म्हणून नाही, तर त्याच्याकडे सबवूफर आहे म्हणून. नीट चौकशी केलीत तर कळेल की हा सबवूफर त्याने नवा घेतलेलाच नाही. कुणाच्या तरी काकांनी साउंडबार आणला आणि जुनं होम थिएटर काढून टाकलं, कुणी बंगळुरूला शिफ्ट होताना विकून टाकला, किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी घासाघीस करून मिळाला. पॉकेटमनीत दणदणीत बेस हवा असेल तर दुसरा मार्ग तरी कुठला आहे?

अडचण पुढे सुरू होते. दोन-तीन महिन्यांत डबा गुणगुणायला लागतो, किंवा एके दिवशी त्याचा दिवाच लागत नाही. ते जड धूड रिक्षात घालून आपण सर्व्हिस सेंटर गाठतो. काउंटरपलीकडून उत्तर येतं, ‘बोर्ड गेलाय.’ पुढचं वाक्यही ठरलेलं असतं, ‘या मॉडेलचा बोर्ड आता येत नाही.’ आपण मान डोलावतो, धूड परत आणतो, गॅलरीत ठेवतो आणि ऑनलाइन सेलची वाट बघायला लागतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की ही मान डोलावणं आता बंद करू या. ‘बोर्ड गेला’ हे निदानच नाही. पोट दुखतंय म्हणून गेलेल्या पेशंटला डॉक्टरने ‘शरीर गेलंय’ असं सांगितलं तर आपण ऐकून घेऊ का? मग इथे का ऐकतो? कारण डब्याच्या आत काय असतं हेच आपल्याला माहीत नसतं, आणि विचारायची लाज वाटते.

डब्यात असतं तरी काय?

पॉवर्ड सबवूफर म्हणजे एका लाकडी खोक्यात एकत्र बसवलेल्या तीन गोष्टी. पुढे मोठा स्पीकर, म्हणजे ड्रायव्हर. मागे लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या पाटीवर बसवलेला अॅम्प्लिफायर. आणि त्या अॅम्प्लिफायरला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय. सोबत एक छोटं सर्किट असतं, जे गाण्यातला फक्त खालचा, जाड आवाज गाळून पुढे पाठवतं. बस्स. बिघाड या चारपैकीच कुठेतरी असणार, किंवा डब्याच्या बाहेर, वायरीत आणि सेटिंगमध्ये.

ही बाहेरची शक्यता आपण सगळ्यात शेवटी तपासतो, आणि इथेच फसतो. म्हणून कुठेही घेऊन जाण्याआधी घरच्या घरी, एकही स्क्रू न काढता, एवढं करून बघा.

मागच्या बाजूला ‘ऑटो’ असं बटण असेल तर ते ‘ऑन’वर करा. ऑटोमध्ये सबवूफर सिग्नलची वाट बघत झोपलेला असतो आणि रात्री हळू आवाजात गाणी लावली की तो जागाच होत नाही. लोक म्हणतात बंद पडला, तो बिचारा फक्त झोपलेला असतो. मग आवाजाचा आणि फ्रिक्वेन्सीचा नॉब मध्यावर आणा. रिसिव्हर वापरत असाल तर त्याच्या मेन्यूत सबवूफर चालू आहे ना, आणि बाकीचे स्पीकर ‘लार्ज’ म्हणून तर नोंदवलेले नाहीत ना, ते बघा. तसं असेल तर बराचसा बेस त्या छोट्या स्पीकरांकडेच जातो आणि सबवूफरच्या वाट्याला फारसं काही उरत नाही.

त्यानंतर रिसिव्हर, टीव्ही सगळं बाजूला ठेवा आणि एका साध्या वायरीने मोबाइल थेट सबवूफरला जोडा. ब्लूटूथ नको, वायरच. वाजला? मग डबा ठणठणीत आहे, दोष मागच्या साखळीत आहे. नाही वाजला, तर वायर बदलून पुन्हा बघा. तरीही शांत? आता आतला संशय घ्यायला हरकत नाही.

गुणगुण येत असेल तर तपासणी आणखी सोपी. पॉवरची वायर सोडून बाकी सगळ्या वायरी सबवूफरमधून काढा. आवाज थांबला, तर दोष बाहेर आहे. अनेकदा सेट टॉप बॉक्सला येणारी केबल आणि घरातलं अर्थिंग यांच्या भानगडीतून ही हमिंग तयार होते. ती केबल काढल्यावर आवाज गायब झाला, तर तुमचा चोर सापडला. पण काहीही न जोडता डबा गुणगुणतच राहिला, तर बिघाड आतल्या पॉवर सप्लायमध्ये असण्याची शक्यता मोठी.

इथे एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. हमिंग घालवायला प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन तोडण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी नक्की देईल. आवाज थांबेलही. पण उद्या आत कुठे वायर सुटून धातूच्या पाटीला लागली, तर ती वीज जमिनीत जायचा रस्ता तुम्ही स्वतःच बंद केलेला असेल. मग ती तुमच्या हातातून जाईल. हा जुगाड नाही, हा सापळा आहे. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणं हा त्याचाच सख्खा भाऊ.

बोर्डावरचा छोटा गुन्हेगार

आता आत डोकावू. डोकावायचं म्हणजे तुम्ही लगेच पाना-पकड घेऊन बसा असं मी म्हणत नाहीये. आत २३० व्होल्टचा खेळ आहे. नव्या पद्धतीच्या हलक्या पॉवर सप्लायमध्ये एका कॅपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब साठतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ तिथेच राहू शकतो. ज्याला हे हाताळायची सवय नाही, त्याने पाटी उघडू नये. पण आत काय बिघडतं हे माहीत असायला सवय लागत नाही.

सबवूफरच्या अॅम्प्लिफायरचं नशीबच वाईट. बिचारा बंद खोक्यात उकडत बसतो, आणि ज्या खोक्यात बसतो तेच दिवसरात्र थरथरत असतं. उष्णता आणि थरथर, या दोनच गोष्टी त्याला हळूहळू संपवतात.

उष्णतेचा पहिला बळी म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर, ज्याला आपले जुने मेकॅनिक आजही कंडेन्सर म्हणतात. छोट्या पिंपासारखा दिसतो. आत द्रव असतो आणि तो गरमीने सुकत जातो. इलेक्ट्रॉनिक्समध्ये एक ढोबळ नियम सांगतात: तापमान १० अंशांनी वाढलं की कॅपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं, १० अंशांनी कमी झालं की दुप्पट. आता ‘८५ अंशांवर २,००० तास’ असा एखादा साधा कॅपॅसिटर घ्या. तो ५५ अंशांवर राहिला तर हिशेबाने १६,००० तास टिकेल. मोठा आकडा वाटतो ना? पण आपण सबवूफर स्टँडबायवर चोवीस तास प्लगला ठेवतो. १६,००० भागिले २४ म्हणजे साधारण ६६७ दिवस. दोन वर्षंही नाहीत! अर्थात हे कागदावरचं आयुष्य आहे, त्या दिवशी घड्याळ लावल्यासारखा तो मरत नाही. पण सेकंड हँड डबे असे का कण्हतात ते यातून कळतं. वापर नसेल तेव्हा भिंतीवरचं बटण बंद करा, एवढा फुकटचा उपाय दुसरा नाही.

थरथरीचा बळी म्हणजे सोल्डर. जड सुट्या भागांच्या पायाशी असलेल्या सोल्डरला वर्षानुवर्षं धक्के बसून केसासारखी चीर जाते. मेकॅनिकच्या भाषेत ‘ड्राय सोल्डर’. याचं लक्षण ओळखीचं आहे. डबा कधी चालतो, कधी नाही, वरून थाप मारली की जागा होतो. थापेने बरं होणारं दुखणं हे बहुतेक वेळा सुटलेल्या जोडाचं असतं.

तिसरा संशयित म्हणजे आवाज वाढवणारी आयसी किंवा ट्रान्झिस्टर. आपल्याकडच्या स्वस्त २.१ सेटमध्ये टीडीए २०३० नावाची पाच पायांची आयसी वर्षानुवर्षं वापरली गेली आहे. तिची किंमत तुमच्या कटिंग चहा-वडापावच्या बिलाच्या आसपास. ती उडाली की फ्यूजही उडतो, नवा फ्यूज टाकला की तोही उडतो. अशा वेळी आपले दुकानदार एक झकास युक्ती वापरतात, सिरीज बोर्ड. जुना पिवळा, तारेचा बल्ब मधे घालून डब्याला वीज द्यायची. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. झगझगीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. ना फ्यूज उडतो, ना बोर्ड जळतो. काही रुपयांच्या बल्बने केलेलं हे निदान ‘बोर्ड गेला’पेक्षा किती तरी प्रामाणिक आहे.

आणि चौथा, पुढचा ड्रायव्हर. त्याच्या कडेला फोमची गोल पट्टी असते. काही वर्षांनी ती भाकरीच्या पापुद्र्यासारखी तुटायला लागते. बोट लावून बघा, कणी हातात आली तर पट्टी बदलायला झाली. दोन्ही तळवे कोनवर सारख्या दाबाने ठेवून हलकेच आत ढकला. खरखर आली तर आतली कॉइल घासतेय. कॉइल शाबूत आहे का, हे मल्टिमीटर सांगतो. ४ ओहमच्या ड्रायव्हरला सुटा करून मोजलं तर साधारण ३ ते साडेतीन दिसायला हवं. आकडाच आला नाही, तर कॉइल तुटली. पण तेव्हाही अख्खा डबा गेलेला नसतो. स्पीकर रिकोन करणारे कारागीर आजही आहेत. गणपतीच्या आधी त्यांच्याकडे गेलात तर उभं राहायला जागा मिळत नाही.

एक साधा हिशेब

माझ्या रूममेटचा दहा इंची सबवूफर असाच गुणगुणायला लागला होता. सर्व्हिस सेंटरने उघडूनही न बघता बोर्ड बदलायचे ६,८०० रुपये सांगितले. तिने तो घेतलाच होता साडेतीन हजारांना. आम्ही तो बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या परिसरातल्या एका ओळखीच्या काकांकडे नेला. जाताना सांगितलं, ‘काका, सगळ्या वायरी काढल्या तरी हमिंग येतं. ड्रायव्हर मोजलाय, ठीक आहे.’ काकांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, ‘अर्धं काम तर तुम्हीच केलंत.’ दोन कंडेन्सर डोक्यावर फुगलेले, तीन जोड ड्राय. सगळे मिळून ६५० रुपये. डबा अजून वाजतोय.

यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग मला पैशांचा वाटत नाही. ‘वाजत नाही हो’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला काहीही सांगता येतं. ‘वायरी काढूनही हमिंग येतं’ म्हणणाऱ्याला सांगता येत नाही. निदानाच्या दोन ओळी माहीत असल्या की समोरचा माणूस तुमच्याशी वेगळं बोलतो. मोबाइल असो, मिक्सर असो की स्कूटर, हे सगळीकडे लागू आहे. सबवूफर हे फक्त शिकायला बरं निमित्त आहे, कारण तो बंद असला म्हणून आपलं काही अडत नाही.

‘पण नवाच घेऊ ना!’

हा युक्तिवाद मी रोज ऐकते. नवा स्वस्त मिळतो, वॉरंटी असते, डोक्याला ताप नाही. यात तथ्य आहे, आणि प्रत्येक डबा वाचवायलाच हवा असंही नाही. ट्रान्सफॉर्मर जळाला असेल, बोर्ड कोळसा झाला असेल, किंवा दुरुस्तीचा खर्च तशाच नव्या डब्याच्या निम्म्याहून पुढे जात असेल, तर नमस्कार करून सोडून द्या. फक्त भंगारात नको, अधिकृत ई-कचरा संकलनात द्या.

पण ‘नवा स्वस्त’ हे अर्धसत्य आहे. आजकाल साउंडबारसोबत येणारा वायरलेस सबवूफर बघा. बहुतेक वेळा त्याला मागे वायर लावायची सोयच नसते. तो फक्त आपल्याच साउंडबारचं ऐकतो. उद्या साउंडबार बिघडला, तर ठणठणीत सबवूफरही त्याच्यासोबत सती जातो. वीस वर्षांपूर्वीचा, मागे साधी लाल-पांढरी पिन असलेला डबा मात्र आजच्या टीव्हीलाही जोडता येतो, मोबाइललाही. मग टिकाऊ कोण, जुना की नवा?

आणि फेकलेलं जातं कुठे? संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी मिळून काढलेल्या ई-कचऱ्याच्या २०२४ च्या जागतिक अहवालानुसार, २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला. त्यातला रीतसर गोळा करून पुनर्वापरात गेलेला हिस्सा होता फक्त २२.३ टक्के. गॅलरीत ठेवलेला तो डबा आज ना उद्या याच ढिगात जाणार.

मागायचं काय?

एके काळी रेडिओच्या मागच्या झाकणाच्या आत अनेकदा सर्किटचा नकाशाच चिकटवलेला असायचा. म्हणजे कंपनी गृहीत धरायची की हा कधीतरी बिघडणार आणि कुणीतरी तो दुरुस्त करणार. आज नकाशा सोडाच, आयसीवरचा नंबरही कधी कधी घासून टाकलेला असतो. कंपनी गृहीत धरते की हा बिघडणार आणि आपण नवा घेणार.

फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून काही इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर, ती दुरुस्त करणं किती सोपं आहे, याचे दहापैकी गुण छापणं बंधनकारक केलं. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात घरगुती टिकाऊ वस्तूंचाही समावेश होता. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू झालं. सुरुवात चांगली आहे. पण पोर्टल आहे म्हणून गल्लीतल्या काकांच्या हातात सर्किट डायग्राम येत नाही, आणि ‘बोर्ड येत नाही’ हे वाक्यही थांबत नाही.

म्हणून आपण ग्राहक म्हणून तीन गोष्टी मागायला हव्यात. मॉडेल बंद झाल्यावरही ठरावीक वर्षं सुटे भाग मिळायला हवेत. सर्किट डायग्राम कुणाही मेकॅनिकला उपलब्ध हवा. आणि सर्व्हिस सेंटरने दुरुस्तीचा अंदाज देताना कुठला भाग बिघडलाय ते कागदावर लिहून द्यायला हवं. तिसरी मागणी करायला कायद्याची वाट बघायची गरज नाही, ती उद्यापासून काउंटरवर करता येते.

आपल्या बाजूनेही थोडं देणं आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, तपकीर गल्लीत किंवा तुमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडमागे, सोल्डरिंगच्या धुरात बसलेली माणसं आहेत. त्यांचं ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही, ते हातात आहे. त्यांच्याकडे शिकायला येणारी पोरं कमी झाली, कारण आपण त्यांच्याकडे जाणं कमी केलं. तीनशे रुपये मजुरी सांगितली की आपण घासाघीस करतो आणि तीनशेची कॉफी मुकाट्याने घेतो. हे बदलता येईल.

सेकंड हँड सबवूफर घ्यायला जाणार असाल, तर मोबाइल आणि एक वायर सोबत न्या. विकणाऱ्याला सांगून पंधरा-वीस मिनिटं वाजवा, कारण काही दुखणी गरम झाल्यावरच बाहेर येतात. फोमला बोट लावा, वायरी काढून हमिंग ऐका, मागच्या स्क्रूवर ओरखडे आहेत का ते बघा. असतील तर डबा आधी उघडलाय, काय केलं ते विचारा. मागे वायर लावायची सोय नसेल तर कितीही स्वस्त असला तरी सोडा.

आणि तुमच्याकडे आधीच एक मुका डबा पडून असेल, तर या रविवारी त्याच्यावरचं पांघरूण काढा. बटण ‘ऑन’वर, वायर मोबाइलला, कान कोनजवळ. जे दिसेल, ऐकू येईल ते कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन मेकॅनिककडे जा. पलीकडून ‘बोर्ड गेलाय’ आलंच, तर शांतपणे विचारा, ‘बोर्डवरचं नेमकं काय गेलं?’